कर्कीहून आलेला खेळ

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातील केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. ज्या नटाचे नाव या वास्तूला दिले आहे त्याची जयंती दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ या नावाने उभारलेले हे नाट्यगृह शंभरी ओलांडून नवव्या वर्षात आले होते. रंगमंच, छप्पर, आसने यांची राख झाली आणि दर्शनी बाजूच्या दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. शासनाने पुनर्बांधणी जाहीर केली आणि शहरातील नाट्यप्रेमींनी हळहळ व्यक्त केली, हे सारे रीतीप्रमाणे झाले. परंतु जळाले ते नेमके काय, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला सहजासहजी सोडत नाही.

असल्या नाट्यगृहाची स्वतःची अशी नाटकमंडळी नसते. ते एक ठाणे असते. मुंबईहून, पुण्याहून निघालेली नाटके, लावणीचे कार्यक्रम, रहस्यनाट्ये तेथे एका रात्रीपुरती उतरतात आणि पहाटेच्या आत पुढच्या गावाच्या वाटेला लागतात. वर्तमानपत्रातील जाहिरातींचा स्तंभ पाहावा: सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, सातारा अशी गावांची माळ आणि प्रत्येक गावापुढे एक तारीख. मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिताना आपण नाटककारांची आणि नटांची चरित्रे लिहिली, मंडळ्यांच्या भांडणांच्या हकिकती लिहिल्या. या माळेकडे मात्र आपले फारसे लक्ष गेले नाही. वस्तुतः मराठी नाटकाचा जन्मच एका दौऱ्यातून झालेला आहे.

१८४२ मध्ये उत्तर कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील कर्की या गावचे भागवत मंडळी सांगलीस आले आणि त्यांनी संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्यापुढे आपला खेळ केला. हा खेळ यक्षगानाच्या वळणाचा होता. भागवत गातो, पात्रे नाचत प्रवेश करतात, आणि कथा जितकी शब्दांतून तितकीच पावलांतून पुढे सरकते. राजेसाहेबांना तो आवडला, पण त्यातला काही भाग ओबडधोबड वाटला. तेव्हा असाच परंतु अधिक नेटका खेळ मराठीत रचावा, अशी आज्ञा त्यांनी आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भावे यांना केली. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ झाले, आणि तोच दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. म्हणजे ज्याला आपण मराठी नाटकाचा आरंभ म्हणतो तो परभाषेतून, परगावाहून आलेल्या एका नृत्यप्रधान खेळाला दिलेला प्रतिसाद होता.

भाव्यांच्या नाटकातही नृत्य शिल्लक राहिलेच. सूत्रधाराने गाऊन कथा सांगायची, विदूषकाने मध्ये टोकायचे, गणपती येऊन विघ्नहरणाचे आश्वासन देऊन जायचा आणि पाठोपाठ मोरावर बसलेली सरस्वती नाचत यायची. राक्षसांच्या आरोळ्यांवरून या नाटकांना पुढच्या पिढीने ‘अललडुर्र’ असे कुत्सित नाव ठेवले. ते नाव ठेवणारे विद्यालयात शिकलेले होते आणि शेक्सपिअर व कालिदास यांच्या मापाने मोजू लागले होते. त्यांच्या मापात नाच बसत नव्हता. मराठी नाटकातून नृत्याची हकालपट्टी झाली ती येथून, असे मला वाटते. गायन मात्र राहिले, कारण त्याला शास्त्राचा आधार दाखविता येत होता.

१८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि राजाश्रय आटला. तेव्हा भाव्यांना आपला खेळ घेऊन बाहेर पडावे लागले आणि १८५३ मध्ये ते मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहापर्यंत पोहोचले. याच वर्षी १६ एप्रिलला मुंबई ते ठाणे आगगाडी धावली. पुढच्या चाळीस वर्षांत नाटकमंडळ्यांचा नकाशा रुळांनी आखला. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रूळ आले, तेव्हा पडदे, पेट्या, कपडेपट आणि स्वयंपाकाची भांडी यांसह सबंध मंडळी थेट शहरात उतरणे शक्य झाले. मराठी मंडळ्या दक्षिणेस धारवाड, हुबळी, गदगपर्यंत जात. तेथील प्रेक्षक मराठी नाटके आवडीने पाहत, आणि त्याच वेळी आपल्या भाषेत असे काही नाही याची खंतही त्यांना वाटे. गदगच्या शांतकवींनी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात कन्नड नाटके लिहून मंडळी उभी केली, ती याच खंतेतून. कर्कीहून निघालेला खेळ सांगलीत मराठी झाला आणि तीस-बत्तीस वर्षांनी पुन्हा कन्नड होऊन आपल्या मुलखात परतला. साहित्याच्या इतिहासात प्रभावांची चर्चा ग्रंथांच्या आधारे होते. येथे मात्र प्रभाव बैलगाडीतून आणि आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून प्रवास करीत होता.

केशवराव भोसले हे या नकाशावरचे फार बोलके नाव. १८९० मध्ये कोल्हापुरात जन्मलेल्या या मुलाने लहानपणीच स्वदेशहितचिंतक मंडळीत शारदेच्या भूमिकेने नाव मिळविले. १ जानेवारी १९०८ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने स्वतःची ‘ललितकलादर्श’ ही मंडळी स्थापिली ती कोल्हापुरात नव्हे, पुण्यामुंबईतही नव्हे, तर हुबळीत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्वांबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी केलेला संयुक्त ‘मानापमान’चा प्रयोग सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघे एकतीस. फिरतीवर सुरू झालेले आणि फिरतीवरच सरलेले हे आयुष्य होते.

त्या काळचा दौरा म्हणजे मुक्काम. मंडळी गावात बिऱ्हाड करीत आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी खेळ लावीत. तोच प्रेक्षक तेच नाटक पुनःपुन्हा पाही, कारण त्याला कथा आधीच माहीत असे. सुभद्रेचे लग्न कोणाशी होणार याविषयी कोणाच्याही मनात शंका नसे. तो येई तो आज ‘वन्समोअर’ कोणत्या पदाला मिळतो हे ऐकायला. ही अर्थव्यवस्था ओळखीच्या कथेवर चालत होती. १९३२ मध्ये कोल्हापुरातच प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट तयार केला आणि ओळखीची कथा, गाणी, भव्य देखावे हे सारे काही आण्यांत पडद्यावर मिळू लागले. पुढच्या काही वर्षांत मोठमोठ्या मंडळ्या मोडल्या, तेव्हा मुक्कामही मोडला.

त्यानंतर आला तो कंत्राटी प्रयोगांचा दौरा. गावातील कंत्राटदार ठरावीक रकमेला एक प्रयोग घेतो, नाटकमंडळी बसमधून येते, टपावरचे नेपथ्य उतरविते, प्रयोग करते आणि निघते. हा बदल केवळ सोयीचा नव्हता. कोणत्या प्रकारचे नाटक जगेल हेही त्याने ठरविले. रहस्यनाट्य मुक्कामाच्या काळात तगले नसते. खुनी कोण हे पहिल्या रात्री कळले की दुसऱ्या रात्री तिकीट कोण काढणार? एका गावात एकच प्रयोग करून पुढे सरकणाऱ्या मंडळीला मात्र हे नाटक फार सोयीचे. पात्रे मोजकी असतात, एकच दिवाणखाना पुरतो आणि रहस्य गावाच्या वेशीपर्यंतच फुटते. विलायतेतही हेच दिसते. अगाथा ख्रिस्तीचे ‘द माउसट्रॅप’ लंडनला येण्यापूर्वी ६ ऑक्टोबर १९५२ रोजी नॉटिंगहॅमच्या थिएटर रॉयलमध्ये प्रथम झाले आणि गावोगाव फिरून मगच नोव्हेंबरात राजधानीत स्थिरावले. रहस्य बाहेर फोडू नका, अशी विनंती प्रयोगाअखेर प्रेक्षकांना करण्याची त्यांची प्रथा हे केवळ कौतुक नव्हे, तो धंद्याचा भाग आहे. त्याच वर्षी लंडनच्या रंगमंचावर आलेले फ्रेडरिक नॉट यांचे ‘डायल एम फॉर मर्डर’ आपल्याकडे २०१८ मध्ये ‘अ परफेक्ट मर्डर’ या नावाने मराठीत आले.

या संदर्भात आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’चा विचार वेगळा करावा लागतो. माधव काझी नावाच्या भामट्याच्या गाजलेल्या खटल्यावर बेतलेले हे नाटक ८ ऑक्टोबर १९६२ रोजी प्रथम झाले ते दिल्लीत, म्हणजे महाराष्ट्राच्या बाहेरच. प्रभाकर पणशीकर त्यात पाच रूपांत वावरत. आरोपी कोण हे पडदा उघडताच कळते. उत्कंठा आहे ती हा मनुष्य प्रत्येक साक्षीतून सुटतो कसा याची, आणि त्याहूनही, फिरत्या रंगमंचावर हा नट इतक्या झटपट वेष पालटतो कसा याची. दुसरी उत्कंठा पुनःपुन्हा पाहूनही कमी होत नाही. मुक्कामाच्या काळातील प्रेक्षकाला जे ‘वन्समोअर’मध्ये मिळे तेच येथे वेषांतरात मिळू लागले. पणशीकरांनी अडीच हजारांहून अधिक प्रयोग केले याचे रहस्य मला येथे दिसते. लखोबा लोखंडे निपाणीचा तंबाखूचा व्यापारी आहे हेही लक्षात घ्यावे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने निपाणी म्हैसूर राज्यात गेली होती. तिच्यापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात ते गावाचे नाव उच्चारले जाताच प्रेक्षागृहात जे उमटत असेल, ते मुंबईत तसेच उमटणे शक्य नव्हते. संहिता एक असली तरी प्रत्येक ठाण्यावर नाटक निराळे होते, ते असे.

आणि नाच? नाटकाने त्याला दाराबाहेर केले तरी तो थांबला नाही. तो तमाशात होता, आणि तमाशा नाटकमंडळ्यांपेक्षा अधिक गावे फिरत होता. ढोलकी फडाचा तमाशा कनातीत, म्हणजे तंबूत होतो. संगीत बारी पुण्याच्या आर्यभूषणसारख्या थिएटरांत किंवा मोडनिंबसारख्या ठिकाणच्या कलाकेंद्रांत बसते. ही थिएटरे आणि ‘नाट्यगृहे’ यांतील भेद वास्तूचा नव्हता, जातीचा होता. नाचणाऱ्या स्त्रिया महार, मांग, कोल्हाटी समाजांतील. पाहणारे सर्व जातींचे. आणि नावे ठेवणारेही बहुधा पाहणाऱ्यांपैकीच. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा ब्राह्मण तरुण पठ्ठे बापूराव होऊन फडात उतरला आणि पवळेबरोबर उभा राहिला, याची कथा आपण अजून नवलाने सांगतो. पवळेने काय गमावले आणि काय कमावले हे विचारण्याचे मात्र सुचत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर निर्बंध आणले. सुधारणेच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, पण संहिता तपासून घेण्याची अट ज्या कलेची संहिता दर रात्री बदलते तिला कशी लागू पडावी?

१९६५ मध्ये वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ आले. दादा कोंडके यांनी ते गाजविले आणि तमाशाचा घाट नाट्यगृहातील खुर्चीवर बसून पाहणे प्रतिष्ठित झाले. त्याला ‘लोकनाट्य’ हे नवे नाव लागले होते. घाट आत आला, फड बाहेरच राहिला. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे उदाहरण पुरेसे आहे. प्रयोग सुरू असताना त्या प्रसूत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. ती पराक्रम म्हणून सांगितली जाते, हेच मला खटकते. त्या रात्री खेळ थांबविण्याची मुभा फडाला नव्हती, एवढाच तिचा अर्थ आहे. राष्ट्रपतींचे पारितोषिक त्यांना मिळाले, त्यांच्या नावाने पुढे राज्य शासनाने पुरस्कार सुरू केला, आणि २००२ मध्ये त्या विपन्नावस्थेत गेल्या.

गेल्या तीसेक वर्षांत लावणीचे कार्यक्रम नाट्यगृहांत रीतसर तारखा घेऊन होऊ लागले. ‘खास महिलांसाठी’ अशी जाहिरात करून दुपारचे खेळ लागले आणि ते भरले. ज्या कलेकडे घरातील स्त्रीने पाहू नये असा दंडक होता, तिला स्त्रियांनी शिट्ट्या वाजवून दाद दिली. हा छोटासा बदल नाही. तरीही फडांचा मुख्य आधार अजून गावोगावच्या जत्राच आहेत. २०२० व २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे कोरोनामुळे जत्रा बंद राहिल्या, तेव्हा कित्येक फडमालक कर्जात बुडाले. नाट्यगृह जळाले त्याची बातमी देशभर झाली. फड मोडला तर त्याची दगडी भिंतही मागे उरत नाही.

कागदही फारसे उरत नाहीत. ग्रंथालयांनी नाटकांची पुस्तके जपली, संगीत नाटकांच्या ध्वनिमुद्रिका जपल्या. हँडबिले, कंत्राटांचे कागद, बसच्या मार्गांच्या नोंदी, फडांच्या वह्या जपणे कोणाच्याच कामात बसले नाही. कोणत्या वर्षी कोणते नाटक कोणत्या गावी किती वेळा झाले हे सांगता आले, तर वाङ्मयेतिहासातील पुष्कळ निवाडे बदलावे लागतील. विद्यार्थ्यांनी या कामाकडे वळावे, कारण साधने अजून पूर्णपणे नष्ट झालेली नाहीत.

पुणे जिल्ह्यात नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाचे नाव आणि कलावंतांची छायाचित्रे असलेला फलक असतो. गावोगावचे पंच जत्रेची तिथी घेऊन येतात, राहुटी-राहुटीतून हिंडतात, यंदा वग कोणता, नाचणाऱ्या किती, हे विचारतात. घासाघीस होते, चहा येतो, पुन्हा घासाघीस होते. मग सुपारी दिली जाते, आणि फडमालक वही उघडून गावाचे नाव व तिथी लिहून घेतो.