दिवेलागणीनंतरचे ग्रंथालय

विद्यापीठीय ग्रंथालयाचे मोठेपण आपण सहसा ग्रंथसंख्येवरून ठरवतो. त्याचा दरवाजा किती वाजता बंद होई, हे फारसे कोणी विचारत नाही. वास्तविक ते ग्रंथालय कोणासाठी होते, हे या एका प्रश्नावरून अधिक नेमके कळते.

ऑक्सफर्डचे बोडली ग्रंथालय १६०२ साली उघडले. आत अग्नी वा ज्योत आणणार नाही, पेटवणार नाही, अशी प्रतिज्ञा तेथील वाचकाला करावी लागे. लाकडी छत, लाकडी फडताळे आणि दुर्मीळ हस्तलिखिते पाहता ही भीती अनाठायी नव्हती. पण त्यामुळे तेथला खरा ग्रंथपाल सूर्यच ठरला. इंग्लंडात डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारून येते, हे ध्यानी घेतले म्हणजे वाचकाच्या पदरी किती वेळ पडत असेल याची कल्पना येते. मुख्य इमारतीत विजेचे दिवे यायला विसाव्या शतकाचे तिसरे दशक उजाडावे लागले.

पॅरिसने वेगळी वाट धरली. विद्यार्थ्यांच्या वस्तीतील सेंट जेनेव्हीव्ह ग्रंथालय १८३८ पासून संध्याकाळीही उघडे राहू लागले. उजेड गॅसच्या दिव्यांचा, आणि इमारत जुनी व जीर्ण! हा धोका ओळखून आंरी लाब्रूस्त या वास्तुविशारदाने दगड आणि लोखंड यांची नवी वास्तू रचली. ती १८५१ साली खुली झाली. गॅसच्या दिव्यांचा विचार तिच्या आराखड्यातच होता आणि प्रवेशद्वाराच्या दोन्ही बाजूंना दगडात दिवे कोरलेले आहेत. केवळ फुकट उजेड आणि ऊब मिळते म्हणून येणारेही तेथे पुष्कळ असणार. मला त्यात काही गैर वाटत नाही. थंडीने कुडकुडणाऱ्याने वाचू नये, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय आगीच्या भयाने दिवा लावीत नसे. दाट धुक्याच्या दिवशी वाचकांना उठवावे लागे. १८७९ साली तेथे विजेचे दिवे आले आणि हिवाळ्यातील संध्याकाळ वाचकांच्या हाती लागली. पुढे याच वाचनालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिवसचे दिवस बसत. त्याआधी १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले, ते आपल्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, ही गोष्ट वडोदेकरांना सांगावी लागू नये.

महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हे त्यांचे पहिले सूत्र. आणि ग्रंथालयाच्या वेळांचा विचार त्यांनी त्याच सूत्राखाली केला, हे फार अर्थपूर्ण आहे. दिवसभर नोकरी करून शिकणाऱ्याला पाच वाजता बंद होणारे ग्रंथालय असून नसल्यासारखेच.

मात्र ही सोय एका माणसावर उभी असते. संध्याकाळच्या पाळीच्या पर्यवेक्षकाजवळ हाताखालची माणसे कमी आणि जबाबदारी पूर्ण. देवघेवीचा मेज, संदर्भ विचारणारे, बोलणारे, पेंगणारे, मध्येच गेलेली वीज, सारे त्यानेच पाहायचे. मुख्य ग्रंथपाल घरी गेलेले, म्हणून निर्णयही त्याचाच. काटकसरीची कुऱ्हाड बहुधा प्रथम याच पाळीवर पडते. बंद होण्याआधी पंधरा मिनिटे तो घंटा देतो, मग प्रत्येक दालनात शिरून कोपऱ्यातला वाचक राहिला नाही ना हे पाहतो, मेजांवरचे ग्रंथ गोळा करतो आणि सर्वांत शेवटी जिन्यावरचा दिवा मालवतो.