नावे होती, कोरली नाहीत

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की आपल्याला फ्रान्समधले खंदक आठवतात. मराठी मुलुखातली माणसे मात्र मोठ्या संख्येने गेली ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेणाऱ्या सहाव्या डिव्हिजनचे नावच 'पूना डिव्हिजन' होते. तिच्या तीन ब्रिगेडींत प्रत्येकी एक मराठा पलटण होती : १०३, ११० आणि ११७.

तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघालेली ही फौज नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला अडली. चार हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली. जनरल टाउनशेंडने माघार घेऊन कूट गाठले आणि ७ डिसेंबरला तुर्की वेढा पडला. तो १४७ दिवस चालला. रसद संपत आली तेव्हा घोडे-खेचरे कापली गेली. पण बहुतेक हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारले. भाजीपाल्याविना अनेकांना स्कर्व्ही जडला. वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत बाहेरच्या फौजेची सुमारे २३ हजार माणसे मेली वा जायबंदी झाली. २९ एप्रिल १९१६ रोजी कूट शरण गेले. कैद झालेल्या सुमारे १३ हजारांत तीन हजारांहून अधिक भिस्ती, कहार, खेचरवाले अशी बिगरलढाऊ माणसे होती. त्यांच्या हाती बंदूकही नव्हती. टाउनशेंडची रवानगी इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात झाली. शिपायांना वाळवंटातून चालवत नेऊन रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामाला जुंपले गेले.

यानंतरची गोष्ट मला युद्धाइतकीच महत्त्वाची वाटते. १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक उभे राहिले, ज्यांची कबर सापडत नाही अशा चाळीस हजारांवर मृतांसाठी. त्यावर ब्रिटिशांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीचे नाव आणि पुढे आकडा एवढेच आले. नावेच मिळाली नसतील, असे म्हणावे, तर दोन वर्षे आधी, १९२७ मध्ये, फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला झालेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. सरकार तेच, फौज तीच. युरोपातल्या लोकांच्या नजरेसमोर नाव, आणि वाळवंटात आकडा. २०२१ मध्ये या स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने हा भेदभाव मान्य करून माफी मागितली. त्यालाही शतक जावे लागले.

आपल्याकडेही वेगळे काय झाले? सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत एक दगडी पाटी दिसते : या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके कामी आले. तिथेही आकडाच. साताऱ्याजवळचे अपशिंगे आपल्या ४६ जणांची आठवण अभिमानाने सांगते. अशा बहुतेक गावांत मात्र त्या आकड्यामागचे आजोबा-पणजोबा कोण, हे सांगणारे आता उरलेले नाहीत.

तरी नावे पुरती गेलेली नाहीत. त्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असे. लढणाऱ्याला चांदीचे, तर बिगरलढाऊ हिंदी नोकराला बहुधा त्याच पदकाची कांस्याची प्रत. मरण पावलेल्याच्या घरी कांस्याची एक थाळी येई. तिच्यावर हुद्दा मुद्दाम वगळलेला असे, फक्त नाव. जे बसऱ्याच्या भिंतीने नाकारले ते या हातभर अंतरावरच्या वस्तूंवर आहे.

आमच्या ऐरोली-घणसोलीत सातारा, पाटण, जावळीकडून आलेली माथाडी कुटुंबे पुष्कळ आहेत. दिवाळीला गावी गेल्यावर पेटीतले काळवंडलेले पदक निघाले, तर सोनाराकडे मोडीला देण्याआधी त्याची कड उजेडात धरून वाचावी आणि ते नाव गावच्या पाटीखाली लिहून ठेवावे. पाटीवरच्या आकड्यातला निदान एक जण तेवढ्याने सुटेल.