सात रात्रींचा स्वयंपाक: वावरापासून बाजाराच्या पिशवीपर्यंत

आठवडाभर रात्री काय रांधायचं, हा प्रश्न आपल्या जऊळक्यातल्या आज्यांना आपल्याइतका पडत नव्हता. आपल्याला तो का पडतो, हे पाहायला वावरात जावं लागतं.

वऱ्हाडात कापूस जुनाच. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला मोठा भाव आला. पेरा वाढला, तरी ज्वारी गेली नाही. कारण बैल! बैलाला कडबा लागतो, आणि कडब्यासोबत कणीस येतंच. ज्वारीच्या ओळींमध्ये मूग, तूर, बरबटी, अंबाडी. म्हणजे भाकर आणि वरण एकाच वावरातून घरी येत. पावसाळ्यात मुगाच्या शेंगा, थंडीत तुरीचे सोले, उन्हाळ्यात सांडगे. काय रांधायचं ते हंगामच सांगायचा.

तो काळ सोन्याचा नव्हता, बरं का. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं अन्नावाचून मेली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं परदेशातली लाल मिलो ज्वारी खाल्ली, सुकडीवर दिवस काढले.

मग सोयाबीन आलं. साडेतीन महिन्यांत पीक, हातात रोख पैसा, मागून हरभरा. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या घटल्या, कडबा कुणाला लागेना. आम्ही सोयाबीनला नावं ठेवत नाही, गटाचे हप्ते त्यावरच फिटतात. पण ते आपण विकतो, रांधत नाही. त्यातल्या तुरीच्या ओळीसुद्धा बाजार समितीत जातात, आणि डाळ आपण दुकानातून आणतो.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. पाच जणांच्या घराला २५ किलो, म्हणजे दिवसाला साधारण ८३० ग्रॅम. आधार मोठा आहे, पण त्यात डाळ नाही. पैसा आटला की वरण पातळ होतं. मग तळाचं घट्ट आधी पुरुषांना, नंतर पोरांना, आणि वाढणारीच्या वाट्याला वरचं पाणी.

म्हणून बाजाराच्या आदल्या रात्रीच सात रात्री मांडा. आधी आठवड्याची डाळ मोजून वेगळ्या डब्यात काढा, मग भाजी-तेलाचा हिशेब. बाजाराच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पालेभाजी, कारण ती टिकत नाही. पालक उरला तर तिसऱ्या रात्री डाळभाजी. मधे राशनच्या तांदळाची मुगाची खिचडी, एक रात्र झुणका-भाकर. पिशवी रिकामी होते त्या शेवटच्या दोन रात्रींना सांडगे आणि पातोडी.

लेकरांसाठी वेगळा स्वयंपाक नको, वेळ कुठे आहे? तिखट घालायच्या आधी शिजलेली डाळ वाटीभर बाजूला काढा आणि त्यात भाकर कुस्करा. पातोडीच्या वड्यांत तिखट बेतानं, झणका रश्श्यात ठेवा. वड्या पोरं नुसत्याही खातात. आणि पहिलं ताट वाढायच्या आधी आपल्या वाटीत वरण काढून झाकून ठेवा. सासूबाई काय म्हणतील, असं आमच्या बैठकीत हमखास कुणीतरी विचारतं. त्यांचीही वाटी सोबतच काढा.

येत्या मृगात घरापुरती दोन तासं मुगाची, दोन बरबटीची धरा. बियाणं कुणाकडे आहे, ते पुढच्या बैठकीत विचारून ठेवू.