गुहेचे कार्यालयीन वेळापत्रक

कार्यालयीन संगणकावर खेळांना मनाई करणारी परिपत्रके आपण अनेकांनी वाचली असतील. काहींनी काढलीही असतील. हा प्रश्न मात्र बराच जुना आहे.

अमेरिकेतील विल क्राउथर या संगणकतज्ज्ञाने १९७५-७६ च्या सुमारास, केंटकीतील मॅमथ गुहेच्या भ्रमंतीवरून, आपल्या मुलींसाठी 'ॲडव्हेंचर' हा खेळ रचला. त्यात चित्रे नव्हती, केवळ शब्द होते. स्टॅनफर्डमधील डॉन वुड्स यांच्या तो पाहण्यात आला. त्यांनी क्राउथर यांना गाठून मूळ आज्ञावली मिळवली आणि १९७७ मध्ये खेळाचा विस्तार केला.

त्या काळी एकच संगणक अनेकजण एकाच वेळी वापरीत. एकाचा खेळ म्हणजे दुसऱ्याच्या कामाला विलंब. म्हणून वुड्स यांनी नियम खेळातच घातला: कामाच्या दिवशी सकाळी ८ ते संध्याकाळी ६ गुहा बंद, इतर वेळी खुली. दिवसा येणाऱ्या पाहुण्याला ३० चालींचा छोटा डाव मिळे. वेळा व सुट्ट्या बदलण्याचा अधिकार परवलीचा शब्द जाणणाऱ्या 'जादूगारा'कडे असे.

वेळ, अपवाद आणि सक्षम अधिकारी. चांगल्या आदेशाची ही तिन्ही अंगे येथे आहेत. शिवाय नियम करणारा स्वतः त्या खेळात रमलेला होता. मी एकदा काढलेल्या मनाई आदेशात 'पुढील आदेशापर्यंत' एवढेच होते. तो पुढील आदेश काढायचे माझ्याकडून राहून गेले.