छपराची गाडी

रहिमतपूरचे रेल्वे स्टेशन गावापासून अंतरावर. त्यामुळे पुणे-मिरज लोहमार्ग झाल्यावरही उन्हाळ्यात माहेरी निघालेल्या कुटुंबाचा प्रवास बैलगाडीनेच पुरा होई. छपराखाली गवताची बैठक, शिदोरी, पाण्याची कळशी, पोरेबाळे. ऊन चढले की झाडाखाली गाडी सोडायची. चाकांवरचे घरच ते! १९४८ साली एस.टी. सुरू झाली आणि पुढे ही गाडी मागे पडली. २०२१ साली राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा आम्हांस तीच आठवली.

गोडसे भटजींचा १८५७चा प्रवास १९०७ साली ग्रंथरूप झाला. तो आम्ही प्रवासवर्णन म्हणून शिकवतो. मुराळ्यासोबत निघालेल्या लेकींचा प्रवास मात्र जात्यावरच्या ओव्यांत राहिला, आणि ओव्या आम्ही लोकसाहित्याच्या वेगळ्या पेपरात टाकल्या. ही विभागणी आम्हांस आता पटत नाही.