ठासणीची बंदूक आणि तिचे कागद
जुन्या बंदुका जमवणारे नळी बघतात, दस्ता बघतात. मला विचाराल तर आधी कागद बघावेत. आमच्या ठासणीच्या बंदुकीचा पहिला परवाना आजोबांच्या नावाचा, सावंतवाडी संस्थानचा. १९४८ साली संस्थान विलीन झालं, पुढचे शिक्के रत्नागिरी जिल्ह्याचे. १९८१ नंतरचे सिंधुदुर्गाचे. बंदूक मात्र त्याच खुंटीला!

कारण सगळीकडे एकच, शेतीसंरक्षण. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी सोय आहे. नळीत दारू, वर चिंधी, मग छर्रे, गजाने ठासायचं, घोड्याखाली केप बसवायची. एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून. तोवर डुकरं भात तुडवून पार. त्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी हवी. म्हणून आमचे बार बहुतेक हवेतच, आवाजापुरते.

वडील वारले तेव्हा परवाना माझ्या नावावर करायला भावंडांची संमती लागली. मुंबईच्या भावाने सही केली, पण म्हणाला, "विकूची झाली तर आधी माका सांग."

आता निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती आणायची, हे सगळं मीच करतो. मुलगा पुण्याला असतो. कागदांवर त्याचं नाव चढणार की बंदूक सरकारजमा होणार, हे अजून त्याने सांगितलेलं नाही.