किनाऱ्यावर आठच होते : हत्ती सीलच्या मोजणीची गोष्ट

मागच्या लेखात मी 'बॉटलनेक' म्हणजे काय ते सांगितलं होतं. एखाद्या प्रजातीचे बहुतेक सगळे जीव संपतात, मूठभर उरतात आणि पुढची सगळी प्रजा त्या मूठभरांचीच असते. बाटलीच्या अरुंद मानेतून निघावं तसं. हे शिकवताना जगभर एक उदाहरण हमखास देतात, उत्तर प्रशांत महासागरातल्या हत्ती सीलचं. मीही वर्गात तेच शिकले. 'वीस उरले होते, आता दोन लाख झाले', स्लाइड पुढे. पण ते वीस होते कुठे, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आज तेच सांगायचं आहे.

सील म्हटलं की आपल्याला आधी डब्याचं नाहीतर सरकारी कागदावरचं सील आठवतं. हा प्राणी आपल्या किनाऱ्यावर नाही, त्यामुळे मराठीत त्याला घरचं नावही नाही. हत्ती सीलच्या प्रौढ नराचं नाक सोंडेसारखं लोंबतं, म्हणून हे नाव. वजनालाही नाव शोभतं : मोठा नर दोन टनांच्या आसपास जातो, मादी मात्र त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढीच असते. कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, आणि एकोणिसाव्या शतकात हीच चरबी त्याच्या जिवावर उठली.

तेव्हा दिवे तेलावर जळत आणि यंत्रांना वंगणही तेच लागे. व्हेल मारणाऱ्या जहाजांना कळलं की कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या बेटांवर तेलाची पिंपं आयती वाळूत लोळत पडलेली आहेत. मोठा नर दोनशे गॅलनच्या आसपास तेल देई. पाण्यात चपळ असलेला हा प्राणी जमिनीवर पोटाने सरपटतो आणि माणसाला फारसा भीतही नाही. चार्ल्स स्कॅमन हा स्वतः व्हेलशिकारी कप्तान. त्याने १८७४ साली या किनाऱ्यावरच्या सागरी सस्तन प्राण्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हाच हत्ती सील जवळजवळ संपले होते. १८८० नंतर बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर एक छोटा कळप सापडला, तोही पुढच्या चार-पाच वर्षांत मारून झाला. त्यानंतर काही वर्षं एकही सील कोणाला दिसला नाही. प्रजाती संपली असं सगळे धरून चालले.

मग १८९२ साल उजाडलं. चार्ल्स टाउनसेंड आणि ए. डब्ल्यू. अँथनी हे दोन निसर्ग-अभ्यासक ग्वादलूप बेटावर गेले. हे बेट मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटर आत, उभ्या कड्यांचं. तिथे एका पुळणीवर त्यांना आठ हत्ती सील दिसले. संपलेली प्रजाती जिवंत! आणि त्यांनी त्यातले सात मारले.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान उलटून परत मागे आले. मला वाटलं आपण काहीतरी चुकीचं वाचतोय. पण नाही. ते नमुने वॉशिंग्टनच्या संग्रहालयासाठी हवे होते. अँथनीने पुढे १९२४ साली लिहिलेलं कारण साधारण असं : ही प्रजाती तशीही तेलाच्या कढईत जाणारच होती, अमेरिकेतल्या संग्रहालयांत तिचे नमुने जवळपास नव्हतेच, तेव्हा ते करणं योग्य वाटलं. म्हणजे ही माणसं दुष्ट नव्हती. त्यांचा हिशोब सरळ होता. आठ दिसले म्हणजे आठच आहेत, आणि आठातून काही प्रजाती उभी राहत नाही.

त्या हिशोबातली चूक समजायला पुढची नव्वद वर्षं लागली. कारण ती चूक पाण्याखाली होती.

इथे आपल्याला जरा वेगळ्या बाजूला, अंटार्क्टिकावर जावं लागेल. १९६३-६४ च्या सुमारास जेराल्ड कूमन नावाचा एक तरुण मॅकमर्डो साउंडच्या गोठलेल्या समुद्रावर वेडेल सीलचा अभ्यास करत होता. अ‍ॅरिझोना विद्यापीठात त्याची पीएचडी चालू होती, म्हणजे आपल्याच जातीचा माणूस! तोवर सीलच्या बुडीबद्दल जे माहीत होतं, ते बहुतेक प्रयोगशाळेतलं. नॉर्वेच्या पेर शोलांडरने १९४० साली दाखवलं होतं की सीलला पाण्याखाली धरलं की त्याच्या हृदयाचे ठोके एकदम मंदावतात आणि रक्त मुख्यतः मेंदू-हृदयाकडे राखलं जातं. फार महत्त्वाचं काम. पण ते फळीला बांधलेलं जनावर होतं. मोकळा सील मनाने किती खोल जातो, हे कोणी पाहिलेलंच नव्हतं, कारण पाहणार कसं?

कूमनने दोन युक्त्या केल्या. पहिली, स्वयंपाकघरात लावतात तसा ६० मिनिटांचा टायमर घेतला, त्यावर काजळी धरलेली काचेची चकती बसवली आणि पाण्याच्या दाबाने हलणारी सुई त्या काजळीवर रेघ ओढेल अशी सोय केली. दुसरी युक्ती मला जास्त आवडते. यंत्र सीलच्या अंगावर लावलं तरी ते परत मिळायला हवं ना? म्हणून त्याने बर्फात असं भोक पाडलं की आजूबाजूला काही किलोमीटर दुसरं भोक किंवा भेग नाही. सीलला तिथे आणून सोडलं. त्याने कितीही खोल, कितीही लांब जावं, श्वास घ्यायला त्याला याच भोकाशी यावं लागणार. बांधायचं नाही, डांबायचं नाही, फक्त वाट पाहायची. १९६६ साली त्याने 'सायन्स'मध्ये आकडे छापले : ६०० मीटर खोल, आणि एका श्वासावर ४३ मिनिटं.

यंत्रं हळूहळू लहान आणि टिकाऊ होत गेली. १९८३ मध्ये बर्नी ल बोफ आणि कूमन यांच्या गटाने कॅलिफोर्नियातल्या आन्यो न्वेवो इथे एका हत्ती सील मादीवर असं यंत्र बसवलं. इथे बर्फातलं भोक नव्हतं, पण दुसरी खात्री होती : मादी कात टाकायला किनाऱ्यावर परत येतेच. ती आली. नोंदीत समुद्रात उतरल्यापासूनचे पहिले ११ दिवस होते, आणि त्या ११ दिवसांत ती जवळजवळ अखंड बुड्या मारत होती. एक बुडी सरासरी २० मिनिटांची, मग वर तीन मिनिटंसुद्धा नाही, की परत खाली. रात्रंदिवस. सगळ्यात खोल बुडी ६३० मीटर. पुढे जास्त सक्षम यंत्रांनी उत्तरेच्या हत्ती सीलची १,७३५ मीटरची बुडीही नोंदवली. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे शिखर उलटं करून पाण्यात बुडवलं तरी हा प्राणी त्याच्या टोकाखाली जाऊन येईल.

हे जमतं कसं, यावर वेगळा लेख होईल, पण थोडक्यात सांगते. आपण बुडी मारताना छाती भरून हवा घेतो, सील उलट हवा सोडून जातो. खोलीवर त्याची फुप्फुसं मिटतात, त्यामुळे नायट्रोजन रक्तात भिनत नाही. त्याचा ऑक्सिजन फुप्फुसात नव्हे तर रक्तात आणि स्नायूंत साठवलेला असतो. स्नायूंत तो धरून ठेवतं मायोग्लोबिन हे प्रथिन, आणि सीलच्या स्नायूंत ते इतकं ठासून भरलेलं असतं की मांस काळपट दिसतं. इतकी प्रथिनं दाटीवाटीने भरली की खरं तर ती एकमेकांना चिकटून गोळा व्हायला हवीत. २०१३ साली लिव्हरपूलच्या गटाने दाखवलं की खोल बुडणाऱ्या सस्तन प्राण्यांत या प्रथिनाच्या पृष्ठभागावर जास्त धन प्रभार असतो. सगळे एकमेकांना ढकलतात, म्हणून गोळा होत नाहीत. आणि झोपेचं काय? २०२३ मध्ये जेसिका केंडल-बार हिने मेंदूतल्या लहरी नोंदवून दाखवलं की समुद्रात असताना मादी दिवसाला जेमतेम दोन तास झोपते, तीही बुडी चालू असताना, गोल गोल गिरक्या घेत खाली जाताना.

आता या सगळ्याला प्रजननाचं वेळापत्रक जोडा. डिसेंबर-जानेवारीत माद्या किनाऱ्यावर येतात आणि आठवडाभरात एक पिल्लू देतात. साधारण चार आठवडे त्याला पाजतात. दूध शेवटी शेवटी इतकं घट्ट होतं की निम्म्याहून जास्त चरबीच. या काळात आई स्वतः काहीच खात नाही. पाजणं संपत आलं की नराशी समागम, आणि पिल्लाला तिथेच सोडून ती समुद्रात. अडीच महिन्यांनी कात टाकायला काही आठवडे परत, मग पुन्हा सात-आठ महिने समुद्र. गर्भ लगेच रुजत नाही, काही काळ थांबून राहतो, म्हणजे पिल्लू पुन्हा हिवाळ्यात किनाऱ्यावरच जन्मेल असा हिशोब जुळतो. नर कात टाकतात ते वेगळ्या महिन्यांत, उन्हाळ्यात.

आता १८९२ च्या त्या पुळणीकडे परत या. मादी वर्षातले सुमारे दहा महिने समुद्रात असते. नर, मादी आणि लहान वयाचे सील वेगवेगळ्या महिन्यांत किनाऱ्यावर येतात. समुद्रात ते कळपाने नाही, एकेकटे, अलास्कापर्यंत पसरलेले असतात. आणि तिथेही दहातला नऊ हिस्से वेळ पाण्याखाली. शेजारून जहाज गेलं तरी खलाशाला दिसणार काय, तर दोन-तीन मिनिटांपुरतं एक नाक! म्हणजे कुठल्याही एका दिवशी बेटावर आलेल्या माणसाला सगळी प्रजाती दिसणं शक्यच नव्हतं. ज्या खोलीची कोणाला कल्पना नव्हती, तिनेच या प्राण्याला वाचवलं.

पण म्हणून 'चला, खूप होते' असंही नाही. जॉर्ज बार्थोलोम्यू आणि कार्ल हब्ज यांनी १९६० साली जुन्या नोंदींवरून आणि प्राण्यांच्या हंगामी ये-जा वरून अंदाज बांधला की १८९० च्या सुमारास शंभराहून कमी, कदाचित वीसच उरले असतील. १९७४ साली बॉनेल आणि सेलँडर यांनी १५९ सीलच्या रक्तातली प्रथिनं तपासली, २४ जनुकस्थानांवर. फरक सापडला शून्य. १९९३ साली होल्झेल आणि सहकाऱ्यांना आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएचे फक्त दोन प्रकार मिळाले, दक्षिणेच्या हत्ती सीलमध्ये ते कितीतरी जास्त आहेत. त्यांच्या गणितानुसार सुमारे वीस वर्षं संख्या तिसाच्या खाली राहिली असावी. त्यात भर म्हणजे हत्ती सीलमध्ये मोजके बलदंड नर बहुतेक पिल्लांचे बाप होतात. म्हणजे बाटलीची मान मोजणीत दिसते त्याहूनही अरुंद.

त्या तिसांपैकी सात एका दिवसात गेले. १९०७ मध्ये दुसऱ्या एका संग्रहासाठी आणखी चौदा मारले. शेवटी १९२२ साली मेक्सिकोने संरक्षण दिलं, पुढे अमेरिकेनेही. सील एकेक बेट परत घेत गेले. आन्यो न्वेवोला पहिलं पिल्लू १९६१ साली जन्मलं. आज दोन लाखांहून जास्त आहेत. संख्या परत आली, विविधता आली नाही. जुन्या, बॉटलनेकच्या आधीच्या हाडांतून काढलेल्या डीएनएमध्ये असे प्रकार आहेत जे आज एकाही जिवंत सीलमध्ये नाहीत. दोन लाख प्राणी, पण एकाच पत्त्यांच्या जोडातले दोन-चार पत्ते पुन्हा पुन्हा छापावेत तसे. उद्या एखादा नवा रोग आला तर त्याला तोंड देणारा पत्ता त्या हरवलेल्यांत होता का, हे आता कोणालाच कळणार नाही.

हे मी का सांगतेय? माझा विषय सील नाही, सह्याद्रीच्या ओढ्यांमधला बोटभर मासा आहे. गेल्या वर्षी एका ओढ्यावर दोन दिवस जाळं लावूनही तो मिळाला नाही. डेटाशीटमध्ये मी '०' लिहिलं. सरांनी एवढंच विचारलं, "नाही, की दिसला नाही?" मला राग आला होता. दोन दिवस गुडघाभर पाण्यात मी उभी होते, ते नाही! पावसाळ्यानंतर परत गेले तर त्याच ओढ्यात नऊ मिळाले.

त्या नऊंच्या पराचा इवलासा तुकडा घेऊन मी ते पाण्यात सोडले. अख्खा मासा ठेवला असता तर कामं सोपी झाली असती, आणि संग्रहालयातल्या नमुन्यांशिवाय माझं शास्त्र चालतही नाही, हे मान्य. जुन्या हाडांतला तो हरवलेला डीएनएही कोणीतरी कधीतरी ठेवलेल्या नमुन्यांमुळेच सापडला. पण किती ठेवायचे हे ठरवताना आपल्याला दिसलेला आकडा हा त्या प्राण्याचा आकडा नसतो, तो आपल्या भेटीचा आकडा असतो. आता माझ्या डेटाशीटमध्ये '०' च्या शेजारी एक जास्तीचा रकाना आहे : किती वेळ पाहिलं, कोणत्या महिन्यात.